वाडी यादीत नव्हती

माळीण गाव डोंगराखाली गेलं ही बातमी बाहेर आणली एसटीच्या चालकाने. ३० जुलै २०१४ ची सकाळ. आंबेगाव तालुक्यातली नेहमीची फेरी घेऊन तो निघाला होता, आणि जिथे गाव दिसायचं तिथे त्याला नुसता चिखल दिसला. तोवर ना तहसीलला पत्ता होता, ना जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला. पुढे कित्येक दिवस ढिगारा उपसला गेला आणि १५१ मृतदेह निघाले. चालकाचं तेव्हा कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण अख्खं गाव गाडलं गेल्याची वर्दी एसटीच्या वेळापत्रकावर अवलंबून असावी, ही गोष्ट आपण फार सहज पचवली.

नऊ वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकर समाजाची वाडी. चाळीस-पंचेचाळीस घरं, सव्वादोनशेच्या आसपास माणसं. मुंबई तिथून दोन तासांवर, पण वाडीत जायला गाडीरस्ता नव्हता. बचाव पथकं भर पावसात, अंधारात चढून गेली. यंत्रं वर नेता येईनात म्हणून कुदळी-फावड्यांनी माती ओढावी लागली. मदतीला निघालेल्या अग्निशमन दलातल्या एकाचा त्या चढणीवरच जीव गेला. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबवला गेला. वाडीतले काही तरुण त्या रात्री शाळेत मोबाइल घेऊन बसले होते, ते वाचले. खाली पहिली खबर त्यांच्यामुळेच गेली. म्हणजे पुन्हा योगायोगच.

सरकारने विधिमंडळात सांगितलं की त्या भागात तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यावर तेव्हा बराच गदारोळ झाला. मला मात्र ते निवेदन खोटं वाटत नाही. वाडी यादीत खरोखरच नव्हती. माझं म्हणणं वेगळं आहे. अशा वाड्या यादीत येणारच नाहीत अशा पद्धतीनेच ती यादी होते. ही पद्धत बदलायची असेल, तर डोंगराची हालचाल लिहून ठेवण्याचं काम, आणि ती पाहून घर सोडायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार, दोन्ही वाडीपर्यंत न्यावे लागतील.

यादी कशी होते ते बघू. २५-२६ जुलै २००५ च्या पावसात महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर रायगडात सर्वेक्षणं झाली, धोक्याची गावं ठरली. हे योग्यच झालं. पण अशा यादीत गाव शिरतं ते बहुधा दोन वाटांनी. एक तर तिथे किंवा शेजारी आधी माणसं मेलेली असतात, नाहीतर भूवैज्ञानिकाच्या नकाशावर तिथला उतार लाल रंगात आलेला असतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरातला दरडप्रवण भाग १:५०,००० या प्रमाणात नकाशावर आणला आहे. काम प्रचंड आहे, त्याचा उपयोगही आहे. पण या प्रमाणात नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. दीडशे मीटर लांबीची वाडी तिथे तीन मिलिमीटरची होते. तिच्या डोक्यावरच्या खडकात कोणती फट रुंदावते आहे, कोणता ओढा कुणी कुठे वळवला, हे त्या तीन मिलिमीटरमध्ये मावणार कसं? शिवाय सरकारी कागद चालतो महसुली गावाच्या नावावर. एका महसुली गावाला पाच-सात वाड्या असतात. एक रस्त्याला लागून, एक नदीकाठी, एक पार कड्याखाली. कड्याखालची वाडी कागदावर दिसतच नाही, कारण तिला स्वतःचा सातबाराचा गट असेल, मतदारयादीत भाग असेल, पण गाव म्हणून क्रमांक नसतो.

सह्याद्रीतली दरड अचानक येते असं आपण म्हणतो. ती शेवटच्या मिनिटात अचानक येते, एवढंच खरं. हा डोंगर म्हणजे लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले. वरचे थर हजारो वर्षं ऊनपावसात कुजून त्यांचा मुरूम आणि माती झालेली, खाली पक्का काळा पाषाण, आणि दोन थरांच्या मध्ये जागोजागी तांबड्या चिकण मातीचा पट्टा. पाऊस वरून मुरतो आणि खालच्या पाषाणावर किंवा त्या चिकण पट्ट्यावर अडतो. मातीच्या कणांमध्ये पाण्याचा दाब चढत जातो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि उतार चालू लागतो. म्हणून इथे एका दिवसाच्या आकड्याइतकीच मागच्या तीन-चार दिवसांची बेरीज मोलाची असते. कोरड्या डोंगरावर पडलेला दोनशे मिलिमीटर पाऊस आणि आधीच भिजून जड झालेल्या डोंगरावर पडलेला दोनशे मिलिमीटर पाऊस, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

या सगळ्याच्या खुणा आधी दिसतात, आणि त्या दिसतात फक्त तिथे राहणाऱ्याला. गुरं चारायला वर जाणाऱ्या पोराला गवतात एक आडवी भेग दिसते. पहिल्या वर्षी ती बोटभर रुंद असते, पानं-पाचोळा पडून बुजलेली. पाय अडकला तरच कळते. पुढच्या पावसाळ्यानंतर तीत हाताचा पंजा जातो, आणि भेगेच्या खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा चार बोटं खचलेली असते. खाली वाडीत एखाद्या घराचं दार चौकटीत अडकू लागतं. वीटकामाला तिरपा तडा जातो. बांधावरचा आंबा कलतो. जिथे कधी पाणी नव्हतं तिथे जमिनीतून पाणी फुटतं, किंवा वर्षानुवर्षं निवळशंख असलेला झरा गढूळ येतो. एखाद दिवशी भर पावसात ओढ्याचं पाणी कमी होतं. हे तर सगळ्यांत वाईट लक्षण, कारण वर कुठेतरी माती पडून पाणी तुंबलेलं असतं. म्हाताऱ्या माणसांना हे ठाऊक असतं. कुठल्या साली कुठला बांध गेला, कुणाचा गोठा खाली घसरला, कुठल्या घळीतून दगड येतात, हे ती सांगतात.

आणि हे कुठेही लिहिलेलं नसतं. कारण आपल्या सरकारी व्यवस्थेत आपत्ती कागदावर येते ती पंचनाम्याने, आणि पंचनाम्याला नुकसान लागतं. माणूस मेला, जनावर मेलं, घर पडलं, पीक गेलं, तर तलाठी येतो, रकाने भरतो, मदतीचा प्रस्ताव जातो. डोंगर तीन फूट सरकला आणि वेळूच्या बेटाला अडून थांबला, तर त्याचा पंचनामा कशाचा करायचा? नुकसान शून्य, म्हणून नोंद शून्य. वास्तविक त्या डोंगराबद्दलची सगळ्यांत मोलाची माहिती तीच होती: कधी हलला, किती पावसात हलला, कुठपर्यंत आला. एक जीव न घेता डोंगराने ती दिली होती. आपण ती घेतली नाही, कारण आपल्याकडे ती घ्यायला रकानाच नाही. मग पुढल्या वेळी तो थांबत नाही, आणि भूवैज्ञानिकाच्या अहवालात येतं की या ठिकाणी पूर्वी भूस्खलन झाल्याची नोंद आढळली नाही. अशा वाक्यांचा मला मनस्वी राग येतो, पण लिहिणाऱ्याचा त्यात दोष नसतो. त्याला कागद मागून कागद मिळालेला नसतो.

हे फक्त दरडींचं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला, सुमारे आठ हजार माणसं गेली. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात तो भाग सगळ्यांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. पण किल्लारीच्या लोकांना १९९२ मध्येच धक्के बसले होते. जमिनीतून आवाज येत होते, लोक घाबरून बोलत होते. नकाशा म्हणत होता धोका नाही, आणि गाव म्हणत होतं जमीन हलते आहे. भूकंपाचं भाकीत तेव्हाही करता येत नव्हतं आणि आजही येत नाही, त्यामुळे त्या धक्क्यांवरून कुणी तारीख सांगायला हवी होती असं मी म्हणणार नाही. पण दगड-मातीच्या जाड भिंतींच्या त्या घरांचं काय करायचं, हा प्रश्न वर्षभर आधी विचारायला तेवढा पुरावा पुरेसा होता. नकाशा पुढे २००२ मध्ये बदलला. गाव तोवर नऊ वर्षांपूर्वीच ढिगारा झालं होतं.

लोकांच्या आठवणीवर एवढा भरवसा ठेवायचा का, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. आठवण दगा देते. मोठ्या पुराची खूण दर पिढीत वितभर वर-खाली होते. देवाचा कोप, भुताची घळ, असल्या गोष्टी तिला चिकटतात. आणि तीन-चार पावसाळे नीट गेले की माणूस विसरतो. जपानने याबाबतीत बरंच सोसलं आहे. हिरोशिमाजवळच्या साका गावात १९०७ च्या महापुराचं स्मारक उभं होतं, दगडात कोरलेलं. २०१८ च्या पावसात त्याच भागात पुन्हा माणसं मेली. स्मारक रोज दिसत होतं, पण ते कशाबद्दल आहे हे कुणी वाचत नव्हतं. त्यानंतर २०१९ मध्ये जपानच्या सर्वेक्षण संस्थेने अशा आपत्ती-स्मारकांसाठी नकाशावर वेगळं चिन्हच सुरू केलं. या उदाहरणावरून काहीजण म्हणतील, बघा, लिहून ठेवूनही उपयोग नाही. मला त्यातून उलटं दिसतं. लिहिलेलं दरवर्षी मोठ्याने वाचावं लागतं, आणि त्यात दरवर्षी भर पडावी लागते. एकदा कोरून मोकळं होण्यासारखं हे काम नाही.

म्हणून मी जी नोंदवही म्हणतो आहे ती साधी आहे. वाडीनिहाय, ग्रामपंचायतीत ठेवलेली, शाळेच्या गुरुजींनी किंवा आशाताईंनी लिहायला हरकत नाही. तिच्यात नुकसान झालेलं नसतानाही लिहायचं: भेग कुठे, किती लांब, किती रुंद. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकायची आणि आठवड्याला टेपने मधलं अंतर मोजायचं. मधलं अंतर वाढलं म्हणजे डोंगर चालू आहे, वाढलं नाही म्हणजे आज तरी थांबलेला आहे. याला उपग्रह लागत नाही. दुसरी गोष्ट, वाडीत एक पर्जन्यमापक. आज आपल्याकडे महावेध प्रकल्पात महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. शेतीच्या विम्यासाठी त्यांचा उपयोग होतो. पण घाटाखालच्या मंडळातलं केंद्र सपाटीवर आणि वाडी हजार फूट वर, अशी स्थिती असेल तर दोन्हींकडचा पाऊस वेगळा असणारच. सह्याद्रीत चार मैलांवर पाऊस बदलतो हे कुठलाही शेतकरी सांगेल. हवामान खात्याचा लाल इशारा तर जिल्ह्याला येतो. उरणच्या खाडीकाठालाही लाल आणि पोलादपूरच्या कड्याखालीही लाल. पावसाळ्यात तो इतक्यांदा येतो की लोक मोबाइलवरचा तो संदेश वाचतही नाहीत. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी महाड तालुक्यातलं तळिये गेलं, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात खेड तालुक्यातलं पोसरे, पाटण तालुक्यातलं आंबेघर, मीरगाव. महाड शहर पुराच्या पाण्यात, रस्ते बंद, फोन बंद. तळियेला मदत पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. अशा वेळी वरून येणाऱ्या इशाऱ्याची वाट बघत बसणं म्हणजे काय, ते तळियेने दाखवलं आहे.

पण नुसत्या मोजमापाने भागत नाही, हे केरळातून कळलं. वायनाडमध्ये कल्पेट्टाच्या ह्यूम सेंटर फॉर इकॉलॉजी अँड वाइल्डलाइफ बायॉलॉजी या संस्थेने शेतकऱ्यांच्या, मळेवाल्यांच्या मदतीने जिल्हाभर पर्जन्यमापकांचं जाळं उभं केलं आहे. गावकरी पाऊस मोजतात, आकडे रोज एकत्र होतात. २९ जुलै २०२४ ला त्या आकड्यांवरून संस्थेने मुंडक्कै परिसरात दरडीचा धोका असल्याचं जिल्हा प्रशासनाला कळवलं होतं. त्याच मुंडक्कैत १९८४ मध्ये दरड येऊन माणसं गेली होती, शेजारच्या पुदुमलात २०१९ मध्ये. म्हणजे इतिहास होता, आकडे होते, इशाराही होता. ३० जुलैच्या मध्यरात्रीनंतर डोंगर आला आणि मुंडक्कै, चूरलमला वाहून गेली. अडीचशेहून अधिक मृत्यू झाले. माळीणला बरोबर दहा वर्षं झाली त्या तारखेला. वायनाडचं जाळं निरुपयोगी ठरलं असा याचा अर्थ काढणारे आहेत. मला वाटतं, माहिती गोळा करणारे एकीकडे आणि हलवायचा हुकूम देणारे दुसरीकडे, या दोघांच्या मध्ये जो एक दिवस जातो त्यातच माणसं मरतात. जिल्हाधिकाऱ्याला एका वेळी पन्नास ठिकाणांहून फोन येत असतात. चुकून रिकामं केलेल्या गावाबद्दल त्याला जाब विचारला जातो, न केलेल्याबद्दल आपत्ती आल्यावरच. या हिशोबात कुणीही थांबूनच बघणार.

म्हणून अधिकार खाली हवा. तीन दिवसांची बेरीज अमुक आकड्याच्या वर गेली, किंवा खुंट्यांमधलं अंतर एका दिवसात वाढलं, तर सरपंचाने किंवा वाडीने नेमलेल्या दोन माणसांनी भोंगा वाजवायचा आणि लोकांनी निघायचं. वरून परवानगी येण्याची वाट बघायची नाही. तो आकडा भूवैज्ञानिकांनी ठरवून द्यावा, ते त्यांचं काम आहे. पहिली काही वर्षं तो चुकेल, लोक उगाच दोन रात्री बाहेर काढतील. चालेल.

इथे तहसीलचे लोक म्हणतात, आम्ही नोटिसा देतो, लोकच हलत नाहीत. खरं आहे, हलत नाहीत. पण तारखा बघा: २६ जुलै, ३० जुलै, २२ जुलै, १९ जुलै. हे भातलावणीचे दिवस. रोपं तयार, चिखलणी झालेली, चार दिवस मजूर मिळालेले. त्या चार दिवसांवर घरच्या वर्षभराच्या तांदळाचा हिशोब. गोठ्यात दोन बैल, एक गाभण म्हैस, खुराड्यात कोंबड्या. नोटिशीत लिहिलेलं असतं, सुरक्षित ठिकाणी अथवा नातेवाइकांकडे स्थलांतर करावे. कुठलं सुरक्षित ठिकाण? खालच्या गावातली शाळा, तिथे दोन खोल्या, एक संडास, आणि जनावरांना जागाच नाही. नातेवाईक शेजारच्याच डोंगराखाली. गुरं मागे ठेवून माणूस रात्री वाडी सोडत नाही, आणि सोडली तरी पहाटे दूध काढायला परत येतो. ज्याने कधी जनावर पाळलं आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. नोटीस काढणाऱ्याने ते पाळलेलं नसतं, किंवा तो ते विसरलेला असतो. मग नोटीस दिल्याची पोच फाइलला लागते, आणि आपत्ती आलीच तर ती पोच कामाला येते.

धोक्याच्या प्रत्येक वाडीचं कायमचं पुनर्वसन करा, अशी मागणी अशा प्रत्येक घटनेनंतर होते. ती ऐकायला बरी वाटते. माळीणच्या वाचलेल्यांसाठी आमडे इथे नवं गाव बांधलं, एप्रिल २०१७ मध्ये ६८ घरं दिली, आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथला भराव खचला, रस्त्याला भेगा पडल्या. डोंगर कापून सपाटी केली की असं होतं. दासगावचे दरडग्रस्त वर्षानुवर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. किल्लारीनंतर ५२ गावं पूर्ण हलवली गेली, जागतिक बँकेचा पैसा होता आणि जमीन मिळाली. सह्याद्रीच्या कड्याखाली ती मिळत नाही. जी आहे ती एक तर वनखात्याची, नाहीतर फार्महाउसवाल्याने घेऊन ठेवलेली. घाटमाथ्यापासून कोकणापर्यंत पसरलेल्या सगळ्या वाड्या उठवायच्या म्हटलं तर अर्धा सह्याद्री रिकामा होईल, आणि जे उठतील त्यांची शेती, रान, मध, मोह, सगळं मागे राहील. काही वाड्या हलवाव्याच लागतील, जिथे खुंट्या दरवर्षी दूर जात आहेत तिथे. बाकीच्यांना जुलै-ऑगस्टमधल्या पंधरा-वीस वाईट रात्री काढायला जागा हवी. वाडीपासून पायी अर्ध्या तासात पोचता येईल अशा पक्क्या जागेवर मोठी शेड, चूल, पाणी, संडास, आणि शेजारी तेवढाच मोठा गोठा. उरलेलं वर्षभर तिथे लग्नं लावा, भात झोडा. गोठा नसेल तर मात्र ती शेड बांधू नका, पैसे वाचतील.

पैशाचं बोलायचं तर तो अगदीच नाही असं नाही. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीचे दोन भाग केले: ८० टक्के आपत्ती आल्यावरच्या प्रतिसादासाठी आणि २० टक्के ती सौम्य करण्यासाठी. हा वीस टक्क्यांचा वेगळा कप्पा पूर्वी असा ठरवून दिलेला नव्हता, त्यामुळे ही सुधारणाच म्हणायची. तरी प्रमाण बोलकं आहे. मेलेल्या माणसामागे केंद्राच्या निकषांनुसार ४ लाख रुपये वारसाला मिळतात. इर्शाळवाडीला राज्याने ५ लाख जाहीर केले. तो पैसा मंजुरीत फारसा अडत नाही, लवकर येतो, मंत्री स्वतः धनादेश देतात. तेच पाच लाख गोठ्यासाठी आदल्या वर्षी मागितले असते, तर अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, वनखात्याचा ना हरकत दाखला आणि बहुधा पुढचं आर्थिक वर्ष.

आणि या सगळ्याला गावातूनही विरोध होईल, हे धरून चालायला हवं. नोंदवहीत डोंगराच्या पायाशी कुठे कापलं, कुणी कापलं, कधी कापलं, हेही लिहावं लागेल. माळीणनंतर पडकईच्या कामांवर बोट ठेवलं गेलं. उतारावर भातखाचरं काढण्याची ही आदिवासींची जुनी रीत. हातांनी, दगडांची ताल रचत, हळूहळू केलेली. त्यात पुढे यंत्रं शिरली आणि वाद असा झाला की दोष शेतकऱ्याचा की यंत्राने घाईघाईत केलेल्या सपाटीकरणाचा. तो वाद मिटला नाही, कारण कुठल्या वर्षी कुठला उतार कसा कापला याची गावात नोंद नव्हती आणि प्रत्येकजण आपापल्या सोयीचं आठवत होता. आज तालुक्या-तालुक्यात जेसीबीचा मालक आणि पंचायतीतला पुढारी हा पुष्कळदा एकच माणूस असतो. प्लॉट पाडणाऱ्याला वाडीच्या नावापुढे धोका लिहिलेला परवडत नाही. ज्याची पोरगी लग्नाची आहे त्यालाही परवडत नाही. पश्चिम घाटावरच्या माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये निर्णय ग्रामसभांशी बोलून घ्या असं सांगितलं होतं, आणि तोच अहवाल गावांच्या विरोधात आहे असं सांगून कोकणात गावंच त्याच्याविरुद्ध उभी केली गेली. त्यानंतर कस्तुरीरंगन समिती आली, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यांवर मसुदे निघाले, त्यातला सहावा वायनाडच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलै २०२४ ला. वरून रेघ आखली की खाली भीती बसते, हे एवढ्या वर्षांत दिसलं आहे. वाडीने स्वतः मोजलेल्या भेगेबद्दल मात्र वाडीला परक्यासारखं वागता येत नाही. निदान ती भेग दिल्लीवाल्यांनी आणली असं म्हणता येत नाही.

सुरुवात कुठून करायची, तर महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेपासून. १ मेची ती सभा तशीही होते. बहुतेक ठिकाणी हजेरीपटावर सह्या होऊन अर्ध्या तासात उठते. पाऊस तेव्हा महिना-सव्वा महिना दूर असतो, गवत वाळलेलं असतं, भेगा उघड्या दिसतात. सभेच्या आधी आठवडाभर प्रत्येक वाडीतल्या चार जाणत्यांनी, दोन गुराख्यांनी आणि शाळेच्या वरच्या वर्गातल्या पोरांनी डोंगर चढून यावा. जुन्या खुंट्या मोजाव्यात, नव्या ठोकाव्यात, म्हाताऱ्यांना विचारून जुनी सालं लिहावीत, ती चुकीची वाटली तरी. वही सभेत पहिल्या पानापासून वाचावी आणि तिची प्रत तहसीलमध्ये पोच घेऊन द्यावी. धोक्याची यादी महसुली गावाऐवजी वाडीवार करायला जिल्हा प्रशासनाला नव्या कायद्याची गरज नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाला धोक्याच्या जागा ठरवण्याचा अधिकार आधीच दिलेला आहे. पोच घेतलेली वही टेबलावर असताना यादीत वाडी नव्हती असं विधिमंडळात सांगणं पुढच्या सरकारला, ते कुणाचंही असो, जरा जड जाईल.